रूळ उखडल्यानंतर

३ जुलै १९५७, दुपारचे बारा वाजून तेरा मिनिटे. शिकागोहून पश्चिमेला व्हीटनपर्यंत आणि तिथून दोन फाट्यांनी ऑरोरा व एल्जिन या गावांकडे जाणारी विजेवरची उपनगरी रेल्वे त्या मिनिटाला बंद पडली. ती बिघडली नव्हती. प्रवासी वाहतूक थांबवण्याची मुभा कंपनीला न्यायालयाकडून मिळाली आणि कंपनीने संध्याकाळपर्यंतही वाट पाहिली नाही. सकाळच्या गाडीने शहरात कामाला गेलेल्या हजारो माणसांना घरी परतायला गाडीच उरली नाही.

१९०२ साली सुरू झालेल्या या ‘शिकागो, ऑरोरा अँड एल्जिन’ रेल्वेचे दिवस खरे तर १९५३ पासूनच भरत आले होते. नव्या द्रुतगती मार्गाच्या बांधकामासाठी तिचा शहराच्या मध्यापर्यंत जाणारा मार्ग तोडला गेला. प्रवाशांना फॉरेस्ट पार्कला उतरून दुसरी गाडी धरावी लागू लागली. मग ज्यांना मोटार परवडत होती त्यांनी मोटार घेतली. मालगाड्या १९५९ पर्यंत कशाबशा चालल्या. १९६१ मध्ये मार्ग कायदेशीररीत्या सोडून देण्यात आला, रूळ निघाले, आणि खडी व गवत यांचा एक लांबच लांब पट्टा तेवढा मागे राहिला.

रेल्वेच्या इतिहासावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. पहिली गाडी कधी सुटली, घाट कसा फोडला, इंजिन कोणत्या कारखान्यातले, हे सगळे आपण हौसेने वाचतो. गाडी बंद झाल्यावर त्या जमिनीचे काय होते, या प्रश्नाकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. मी लातूरचा. बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरच्या गाडीत लहानपणी बसलेला. ती गाडी गेली तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना मी आधी अमेरिकेत आणि मग न्यूझीलंडमध्ये जाऊन पोहोचलो.

रेल्वेची जमीन ही मोठी चमत्कारिक मालमत्ता असते. रुंदीला ती जेमतेम एखाद्या ओढ्याएवढी, लांबीला मात्र शंभर-दोनशे किलोमीटर. शेतीच्या दृष्टीने तिला मोल नाही. खडीवर काय पिकणार? घर बांधायला ती अडचणीची. पण ती सलग असते, आणि तिचे सगळे मोल त्या सलगपणात असते. शेकडो मालकांकडून इंच इंच जमीन मिळवून, टेकड्या कापून, ओढ्यांवर पूल घालून कोणी तरी एकदा ती जोडलेली असते. ती तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली की कोणत्याही सरकारला, कितीही पैसा ओतून, पुन्हा जोडणे जवळजवळ अशक्य होते. कसब्यातल्या भाऊबंदकीत वाटणी झालेला वाडा ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

शिकागोच्या त्या पट्ट्याबाबतीत हे सर्वांत आधी ओळखले ते मे थिलगार्ड वॉट्स या निसर्गअभ्यासक बाईंनी. लाइल इथल्या मॉर्टन वृक्षोद्यानात त्या लोकांना झाडे आणि भूदृश्य ‘वाचायला’ शिकवीत. इंग्लंडमधल्या शेताशेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा त्यांनी पाहिल्या होत्या. सप्टेंबर १९६३ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी ‘शिकागो ट्रिब्यून’ला एक पत्र लिहिले. या जमिनीवर बुलडोझर टपून बसले आहेत, त्यांच्या आधी आपण तिथे चालायची वाट करू या, असा त्याचा आशय. वाचकांच्या पत्रव्यवहारातून देशाचे धोरण बदलल्याची उदाहरणे फार नसतात. हे त्यातले एक म्हणता येईल.

पण पत्राने लगेच काही झाले नाही. पुढची काही वर्षे वॉट्सबाई आणि त्यांच्या मैत्रिणी नकाशे घेऊन दारोदार फिरल्या. शाळा, बागप्रेमी मंडळे, नगरपालिका यांच्यासमोर त्यांनी व्याख्याने दिली. लगतच्या घरमालकांना आपल्या परसामागून अनोळखी माणसे जाणार ही भीती होती. वीज कंपनीला तारांसाठी जमीन हवी होती, नगरपालिकांना वाहनतळासाठी. १९६५ मध्ये स्वयंसेवकांची संस्था नोंदवली गेली आणि १९६६ मध्ये ड्युपेज काउंटीने तिच्याशी भाडेपट्टा केला. ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’ नावाची ती वाट आज शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. रुळांच्या कडेला कुंपणात सुरक्षित राहिलेली मूळ गवताळ कुरणांची रानफुले तिथे टिकली, हा वॉट्सबाईंच्या दृष्टीने मोठा लाभ. लोकांच्या दृष्टीने लाभ साधा होता: मोटारीच्या उपनगरात, जिथे चालायला जागा उरली नव्हती, तिथे मुलाला सायकलवर शाळेत धाडता येऊ लागले.

त्याच सुमारास शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात एल्रॉय ते स्पार्टा हा ५१ किलोमीटरचा मार्ग राज्य सरकारने विकत घेतला. १८७३ साली घातलेल्या या मार्गावर तीन बोगदे आहेत. सर्वांत लांब बोगदा ३,८१० फुटांचा. आत पाझरणारे पाणी हिवाळ्यात गोठून कडे फुटू नये म्हणून बोगद्यांच्या दोन्ही तोंडांना प्रचंड लाकडी दरवाजे होते, आणि गाडी येण्याआधी ते उघडायला व गेल्यावर लावायला रखवालदार असे. १९६७ पासून तिथे सायकली जातात. दरवाजे अजून आहेत. वाटेवरच्या केंडल, विल्टन, नॉरवॉक या खेड्यांची नावे गाडी बंद झाल्यावर नकाशावरून पुसली जाण्याच्या बेतात होती, तिथे आता उन्हाळ्यात मुक्कामाला माणसे येतात.

या दोन वाटांनी कल्पना रुजवली, पण ती कायद्यात यायला अमेरिकेला आणखी पंधरा-वीस वर्षे लागली. १९१६ साली त्या देशात सुमारे चार लाख किलोमीटर रेल्वेमार्ग होता. पुढे ट्रक आणि मोटारी आल्या आणि तो आटत गेला. आज निम्म्याहून थोडा अधिक उरला आहे. १९७० च्या दशकात तर कंपन्या एकामागोमाग एक दिवाळखोरीत गेल्या. तेव्हा संसदेच्या ध्यानात आले की उद्या इंधन महागले, युद्ध झाले, वाहतुकीची गरज बदलली, तर हे मार्ग परत मिळणार नाहीत. म्हणून १९८३ मध्ये राष्ट्रीय वाटांच्या कायद्यात एक दुरुस्ती झाली. तिला ते ‘रेलबँकिंग’ म्हणतात. मार्ग नको झालेल्या कंपनीने तो एखाद्या संस्थेला किंवा नगरपालिकेला वाट म्हणून वापरायला द्यावा, आणि असा मार्ग कायद्याने ‘सोडून दिलेला’ समजू नये. उद्या पुन्हा गाडी हवी झाली तर वाटेने बाजूला व्हावे. बँकेत ठेव ठेवावी तशी जमीन ठेवायची आणि व्याज म्हणून चालायला मिळवायचे, अशी ही योजना.

लाभाच्या गोष्टी सांगताना यातली कुरकुर लपवणे योग्य नाही. अनेक ठिकाणी रेल्वेकडे जमिनीची मालकी नव्हतीच. गाडी नेण्यापुरता हक्क तेवढा होता. गाडी संपली की जमीन आमची, असे मूळ मालकांचे वारस म्हणत होते आणि त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. व्हरमाँटमधल्या एका दांपत्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९० मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण भरपाईचा दरवाजा उघडा ठेवला, आणि १९९६ मध्ये अपील न्यायालयाने त्या दांपत्याची जमीन सरकारने घेतल्यासारखीच आहे, तिचे मोल द्यावे लागेल, असा निकाल दिला. २०१४ मध्ये वायोमिंगमधल्या एका जमीनमालकाच्या बाजूने तर सर्वोच्च न्यायालयाचा आठ विरुद्ध एक असा कौल पडला. मला हे निकाल वाटांच्या विरोधातले वाटत नाहीत. गावाला वाट मिळावी, पण तिचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या बांधावर टाकू नये, एवढेच ते सांगतात.

शहरातली कुरकुर निराळी. न्यूयॉर्कच्या ‘हाय लाइन’चे फोटो आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही येतात. १९८० मध्ये शेवटची मालगाडी गेलेला हा उंचावरचा लोखंडी मार्ग २००९ पासून बाग म्हणून खुला झाला आणि आसपासच्या जागांचे भाव आकाशाला भिडले. शेजारच्या सरकारी चाळवजा वसाहतींमधले लोक तिथे फारसे फिरकेनात. २०१७ मध्ये या बागेच्या एका संस्थापकानेच जाहीरपणे मान्य केले की ती ज्या शेजाऱ्यांसाठी करायची होती त्यांच्यापर्यंत आपण पोहोचलो नाही. तेव्हा वाट केली की लोकांचे भले होतेच, असे नाही. कोणत्या लोकांचे, हे विचारावे लागते.

हा प्रश्न मनात असताना मला न्यूझीलंडचे ओटागो जास्त जवळचे वाटले. तिथे शहर नाही, गर्दी नाही. आपल्या माणदेशासारखा पावसाच्या सावलीतला कोरडा, उघडाबोडका प्रदेश आणि त्यात मेंढ्या. १८६१ मध्ये इथे सोने सापडले. सोने संपत आले तेव्हा ड्युनेडिन बंदरापासून आतल्या पठारावर जाणाऱ्या रेल्वेचे काम निघाले: १८७९ मध्ये. क्लाइड गावाला गाडी पोहोचली १९०७ मध्ये आणि शेवटच्या क्रॉमवेलला १९२१ मध्ये. बेचाळीस वर्षे. मधल्या काळात एक पिढी खपली. गाडी पोहोचली तेव्हा सोने नव्हते. लोकर, मेंढ्या आणि फळे तेवढी होती.

या मार्गावर एक काळी जागाही आहे. ४ जून १९४३ रोजी क्रॉमवेलहून ड्युनेडिनकडे जाणारी प्रवासी गाडी हाइड गावाजवळच्या कापीत वळणावर भरधाव आली आणि उलटली. २१ माणसे गेली. तिचा स्मृतिस्तंभ आज वाटेशेजारीच आहे, आणि सायकलवरून जाणारे थांबतात.

गाडी कशी संपली हे पाहण्यासारखे आहे, कारण आपल्याकडेही थोड्याफार फरकाने तसेच घडले. न्यूझीलंडमध्ये ट्रकने ठरावीक अंतरापलीकडे माल नेऊ नये असा कायदा रेल्वेच्या संरक्षणासाठी होता. १९८३ मध्ये तो उठला. प्रवासी गाडी १९७६ मध्येच बंद झाली होती. क्लाइडजवळ मोठे धरण होत होते म्हणून सिमेंट आणि लोखंड वाहायला मालगाडी टिकली. धरणासाठी क्लाइड ते क्रॉमवेल हा तुकडा १९८० मध्ये बंद झाला आणि पुढे पाण्याखाली गेला. धरणाने एका हाताने मार्ग तोडला आणि दुसऱ्या हाताने उरलेला दहा वर्षे जगवला. धरणाचा माल संपला तसे कारणही संपले. ३० एप्रिल १९९० रोजी क्लाइड ते मिडलमार्च हा मार्ग बंद झाला. रूळ विकले गेले, स्टेशने विकली गेली, काही मालधक्के शेतकऱ्यांनी गोदामासाठी उचलून नेले.

१९९३ मध्ये सरकारच्या संवर्धन खात्याने ही जमीन सलग ताब्यात घेतली आणि १५० किलोमीटरची वाट करायचे ठरवले. स्थानिक शेतकऱ्यांची पहिली प्रतिक्रिया नाराजीची होती. कुंपणाची फाटके उघडी राहतील, मेंढ्या बिथरतील, सुक्या गवतात कोणी विडी टाकेल, आणि शहरातले लोक दीडशे किलोमीटर उजाड माळावर सायकल मारायला येतील कशाला? हा शेवटचा प्रश्न तर अगदी वाजवी होता. १९९४ मध्ये स्थानिकांचा एक विश्वस्त निधी उभा राहिला. साठाहून अधिक पुलांवर नव्या फळ्या आणि कठडे घालायचे होते. रुळांखालची जाडी खडी चाकांना मानवत नव्हती, तिच्यावर बारीक खडीचा थर हवा होता. फेब्रुवारी २००० मध्ये पूर्ण वाट खुली झाली.

मुलाकडे ड्युनेडिनला गेलो असताना या वाटेचा लॉडर ते ओटुरेहुआ हा तुकडा मी भाड्याच्या सायकलवर पार केला. वय पासष्ट, आणि त्याआधी वीस वर्षे सायकलला हात लावलेला नव्हता. तरी जमले, आणि त्याचे श्रेय माझे नाही, वाफेच्या इंजिनाचे आहे. इंजिनाला खडा चढ चढवत नाही, म्हणून मार्ग आखणाऱ्यांनी इथला चढ पन्नासात एकापेक्षा जास्त होऊ दिला नाही. डोंगर आला की वळसा, दरी आली की पूल, फारच अडले तर बोगदा. शंभर वर्षांपूर्वी इंजिनाची दमछाक वाचवायला घेतलेली काळजी आज गुडघे दुखणाऱ्यांच्या उपयोगी पडते. पूलबर्नच्या दरीवरचा उंच पूल आणि पुढचे दोन बोगदे हातांनी खणलेले आहेत. आत विजेरीशिवाय काही दिसत नाही. वाटेत भेटलेले निम्मे लोक माझ्याच वयाचे होते.

पण पर्यटकाला काय मिळाले यापेक्षा गावांना काय मिळाले हे महत्त्वाचे. आणि इथे एक बारीक गोष्ट आहे जी मला कोणत्याही अहवालापेक्षा त्या वाटेने समजावली. मोटारीने हा सारा प्रदेश दोन तासांत मागे पडतो. प्रवासी पेट्रोल भरतो आणि निघून जातो. सायकलने त्याला तीन-चार दिवस लागतात, चालत त्याहून जास्त. तीन रात्री म्हणजे तीन ठिकाणी अंथरूण, तीन संध्याकाळची जेवणे, दुपारचा चहा, पंक्चर, पुढच्या गावी सामान पोहोचवणारी गाडी. आणि रेल्वेने स्टेशने मुळातच ठरावीक अंतरावर ठेवली होती. गाडीने जी गावे ओवली होती ती वाटेने त्याच क्रमाने पुन्हा ओवली: ओमाकाउ, लॉडर, ओटुरेहुआ, वेडरबर्न, रॅनफर्ली, वायपियाटा, हाइड. बंद पडत आलेली हॉटेले उघडी राहिली. शेतकऱ्यांच्या घरातल्या बायकांनी रिकाम्या खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि मेंढीच्या भावावर अवलंबून असलेल्या घरात दुसरा पैसा येऊ लागला. सायकली भाड्याने देणारे, सामान वाहणारे असे धंदे उभे राहिले. विरोध करणाऱ्यांपैकीही काहींनी पुढे पाट्या लावल्या. वेग कमी झाला म्हणून पैसा गावात थांबला, इतका साधा हिशेब.

वेडरबर्नचा हिरवा पत्र्याचा मालधक्का तिथल्या ग्रॅहम सिडनी या चित्रकाराने १९७५ मध्ये रंगवला होता, आणि ते चित्र देशभर गाजले. मार्ग बंद झाल्यावर तो धक्का तिथून हलवला गेला होता. वाट झाल्यावर लोकांनी तो परत आणून मूळ जागी उभा केला. पैशात न मोजता येणारा लाभ हा असा. २००९ मध्ये मंदीत रोजगाराचा प्रश्न आला तेव्हा न्यूझीलंड सरकारने देशभर सायकलवाटांचे जाळे घालायचे ठरवले. त्यासाठी नमुना म्हणून ओटागोच डोळ्यांसमोर होते.

आता आपल्याकडे. बार्शी लाइट रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी रुळांवर उभी केली. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला पहिली गाडी आली, १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. आषाढीला तिच्या डब्यांच्या टपावरही वारकरी असत. या शतकाच्या पहिल्या दशकात मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. तेव्हा उस्मानाबाद शहर जोडण्यासाठी काही भागात तो वळवला गेला. जुन्या मार्गाचा जो भाग मागे पडला त्याची पुढे कोणी विचारपूस केली नाही. भराव शेतात मिसळले, कुठे रस्ता झाला, कुठे टपऱ्या झाल्या.

पण जो मार्ग राहिला त्याने काय केले ते लातूरकर विसरणार नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये शहराचे नळ कोरडे होते. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला आली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर: कॅलथ्रॉपचाच मार्ग, थोड्या वळणाने. एक काळ असा होता की हा अरुंद, तोट्यातला मार्ग मोडीत काढावा असे पुष्कळांना वाटे. तो मोडीत निघून तुकड्यांनी विकला गेला असता, तर त्या पहाटे पाणी कशावरून आले असते? अमेरिकेच्या कायदेपंडितांनी ‘उद्याची अज्ञात गरज’ असा शब्दप्रयोग केला की मला त्या टाक्या दिसतात.

विदर्भात यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा सुमारे १९० किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग, लोकांची लाडकी ‘शकुंतला’, काही वर्षांपासून बंद आहे. कापसासाठी घातलेल्या या मार्गावर गाडी पुन्हा सुरू करा, ब्रॉडगेज करा, म्हणून तिथले लोक सतत आंदोलन करतात. त्यांना कोणी ‘गाडी नको, सायकलवाट घ्या’ म्हटले तर ती थट्टा होईल. ज्या घरात मोटार आहे त्याला वाट ही चैन असते. ज्याला तालुक्याला दवाखान्यात जायचे आहे त्याला गाडी हवी, आणि त्याचे बरोबर आहे. ओटागोतल्या शेतकऱ्याकडे मोटार होती, हे विसरून चालणार नाही.

तरीही गाडी येईपर्यंत त्या जमिनीचे काय, हा प्रश्न उरतोच. गाडी न धावणाऱ्या मार्गावर बाभळी माजतात, रूळ चोरीला जातात, अतिक्रमणे होतात, आणि दहा वर्षांनी मंजुरी आली की अर्धा मार्ग न्यायालयात अडकतो. त्यापेक्षा परतीच्या अटीवर, करार करून, वाटेवरच्या ग्रामपंचायतींना तो चालायला द्यावा. पालख्यांच्या मार्गांचे महामार्ग करताना वारकऱ्यांसाठी बाजूने वेगळी चालवाट ठेवायचे सरकारने मान्य केलेच आहे. म्हणजे चालणाऱ्याला जागा द्यायची असते ही कल्पना आपल्या बांधकाम खात्याला परकी राहिलेली नाही. शाळेची मुले, सकाळी शेतावर जाणाऱ्या बायका, दूध घालायला निघालेला सायकलवाला यांना राज्यमार्गावरच्या ट्रकांपासून लांब, झाडाखालची वाट मिळेल. स्टेशनच्या इमारतीत वाचनालय चालेल. आणि रोज माणसे चालतात त्या जमिनीवर टपरी टाकणे जरा अवघड जाते.

यासाठी आधी एक काम करावे लागेल, आणि ते फार खर्चाचे नाही: यवतमाळपासून अचलपूरपर्यंत चालत जाऊन रेल्वेच्या हद्दीचे दगड मोजायचे. कोणते जागेवर आहेत, कोणते शेतात सरकले आहेत आणि कोणते घरांच्या पायात गेले आहेत, याची यादी करायची. पावसाळा संपला की गवत वाळते, तेव्हा हे दगड दिसतात.